खिशात फोटो होता!

घोडे, बंदुका, काऊबॉय हॅट, धुळीचे लोट आणि मधोमध एक अर्धवट राहिलेली लव्हस्टोरी. हा मसाला हॉलिवूडचा, फार तर आपल्या ‘शोले’चा, असंच वाटतं ना? पण २००० साली थायलंडमध्ये असाच एक पिक्चर आला. तिकडं त्याचं नाव ‘फा तलाई चोन’. जगभर तो ‘टिअर्स ऑफ द ब्लॅक टायगर’ म्हणून ओळखला गेला. दिग्दर्शक विसित सासनातिअँग, त्याचा हा पहिलाच चित्रपट. गुलाबी भिंती, पोपटी गवत, रंगवलेलं आभाळ. जुनं कॅलेंडर हलायला लागावं तसा तो दिसतो. मायदेशात फारसा चालला नाही, पण २००१ मध्ये कान महोत्सवाच्या अधिकृत निवडीत पोचलेला तो पहिला थाई चित्रपट ठरला. आणि विसितनं ज्यांना गुरुस्थानी मानलं ते जुने थाई दिग्दर्शक रतन पेस्तनजी हे मूळचे भारतीय पारशी घराण्यातले. म्हणजे धागा आपल्यापर्यंत येतोच.

तुम्ही म्हणाल, मलकापुरात बसून आम्ही थायलंडच्या दरोडेखोराचं काय करायचं? थांबा, सांगायला कारण आहे.

गोष्ट साधी आहे. दम हा खेड्यातला साधा पोरगा. रुम्पोई बड्या घरची, सत्ताधाऱ्याची लेक. दोघांचा जीव जडतो. भेटायची जागा ठरते, कमळांच्या तळ्यातला एक मंडप. पण दमच्या वडिलांचा खून होतो, सूड घ्यायचा म्हणून तो दरोडेखोरांच्या टोळीत शिरतो आणि ‘काळा वाघ’ बनतो. ती मंडपात वाट बघत राहते. तो पोचतो तोवर ती निघून गेलेली असते. वडील तिचं लग्न एका पोलीस कॅप्टनशी ठरवतात. तिला विचारतं कोण?

पुढं हाच कॅप्टन टोळीच्या तावडीत सापडतो. त्याला मारायचं काम दमवर येतं. मरण्याआधी कॅप्टन होणाऱ्या बायकोचा फोटो दाखवतो आणि तिला निरोप दे म्हणतो. फोटो रुम्पोईचा. दम त्याला सोडून देतो. शेवटी दम सावध करायला लग्नघरी येतो आणि खिशात हात घालतो, तिचा फोटो काढायला. कॅप्टनला वाटतं, बंदूक काढतोय. तो गोळी घालतो. ज्यानं जीव वाचवला त्यालाच.

सगळा पिक्चर विसरलात तरी चालेल, हा एक क्षण विसरू नका. दमच्या खिशात प्रेम होतं, पण कपाळावर ‘दरोडेखोर’ असा शिक्का होता. समोरच्यानं खिसा बघितलाच नाही. त्यानं शिक्का बघितला.

हा शिक्का काय असतो, हे आपल्या कृष्णा-वारणेच्या खोऱ्याइतकं कुणाला माहीत असणार! वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे. त्यांची ‘फकिरा’ १९५९ ची, तिच्यावर पुढं चित्रपटही निघाला. फकिरा दुष्काळात उपाशी माणसांसाठी लूट करतो, आणि इंग्रज सरकार त्याच्या माणसांना ओलीस धरतं तेव्हा त्यांना सोडवायला स्वतः हजर होतो. पण त्याच्या आधी ती हजेरी आठवा. चोरी केलेली असो वा नसो, ठरलेल्या वेळी जाऊन आपण इथंच आहोत हे सरकारला दाखवायचं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं देशभरातल्या कित्येक जमातींवर जन्मतःच चोराचा शिक्का मारला. मूल पाळण्यात, आणि गुन्हेगार! तो कायदा देशातून गेला १९५२ साली. संशय मात्र अजून गेलेला नाही. गावात चोरी झाली की आधी कुठल्या वस्तीवर गाडी जाते, हे तुम्हीही बघितलं असेल.

आता दुसरी गोष्ट, कराडच्या पुढच्याच स्टेशनची. वेस्टर्न पिक्चरात ट्रेन लुटायचा सीन लागतोच. आपल्याकडं तो खरा घडलाय. १९४३ साली शेणोलीजवळ क्रांतिकारकांनी पगाराची रेल्वे अडवली आणि सरकारी पैसा ताब्यात घेतला. त्यात कॅप्टन भाऊ लाड होते, जी. डी. बापू लाड होते. इंग्रजांच्या दप्तरी हे सगळे फरारी, गुन्हेगार. पण हा पैसा गेला प्रतिसरकारच्या कामाला. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या या सरकारनं गावोगाव न्यायनिवाडे केले, चळवळीच्या नावावर लोकांना लुटणाऱ्या खऱ्या दरोडेखोरांचा बंदोबस्त केला. आणि हो, लग्नंही लावली. कर्जाशिवाय, मानपानाशिवाय, साधी ‘गांधी लग्नं’. हातात बंदूक असताना या माणसांनी पोरींच्या बापांच्या डोक्यावरचं कर्ज कमी करायचा विचार केला. म्हणून लोकांनी त्यांना भाकरी दिली, घरात लपवलं, जिवावर उदार होऊन तोंड बंद ठेवलं.

फकिराला शिक्का नको होता, तो मारला गेला. शेणोलीच्या पोरांनी तो समजून-उमजून अंगावर घेतला, दुसऱ्यांसाठी. आणि आपण? आपण तो हौसेनं मारून घेतोय.

मोबाइल उघडा. हातात कोयता, मागं डायलॉग, स्लो मोशनमध्ये चाल, खाली ‘भाई’चं स्टेटस. वाढदिवसाचा केक तलवारीनं. पंधरा सेकंदांचा व्हिडिओ आणि दोनशे लाइक. त्यातल्या बहुतेकांनी कुणाला कधी साधी चापट मारलेली नसते. खिशात त्यांच्याही फोटोच असतो हो! आईचा, एखाद्या मैत्रिणीचा, नाहीतर भरतीच्या फॉर्मला लावायचा पासपोर्ट साइज. पण शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल झाला की खिसा कोण तपासतो? पहाटे उठून धावायचं, गोळाफेक सुधारायची, लेखीचा अभ्यास करायचा आणि चारित्र्य पडताळणीत एका रीलपायी अडकायचं. कोर्टात तारखा सुरू होतात तेव्हा लाइक देणारे दोनशेजण हजर नसतात. आई असते, बसचं तिकीट काढून आलेली.

प्रेमाचंही तसंच. ‘ती माझी नाही तर कुणाचीच नाही’ असली स्टेटसं टाकणाऱ्यांनी दमकडं नीट बघावं. हातात बंदूक होती, समोर तिचा होणारा नवरा बांधलेला होता, आणि त्यानं सोडून दिलं. नकार पचवणारा, तिची वाट मोकळी करणारा हिरो जास्त मोठा असतो. आणि रुम्पोईकडंही बघा. बापानं ठरवलं, प्रियकरानं परस्पर टोळीची वाट धरली, नवऱ्यानं गोळी घातली. तिनं फक्त वाट बघायची. पोरींनो, अशी वाट बघण्याची सक्ती आता तुमच्यावर नाही. मुलगी अठराची, मुलगा एकवीसचा असला तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं जात-धर्म आड न येता लग्न करता येतं. नोटिशीचे तीस दिवस जातात, पण रस्ता सरळ आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं ‘शक्ती वाहिनी’ खटल्यात स्पष्ट सांगितलं की दोन सज्ञान माणसांच्या लग्नाला घराण्याची किंवा समाजाची परवानगी लागत नाही, आणि धोका असेल तर संरक्षण देणं हे सरकारचं काम आहे.

कायदा असूनही भीती जात नाही, हे खरंच. २०१६ च्या ‘सैराट’चा शेवट आठवा. तिथं रक्त सांडणारे कुठल्या टोळीचे नव्हते. ते माहेरहून सामान घेऊन आलेले, घरंदाज म्हणवणारे लोक होते. म्हणून हा विषय फक्त पोरांच्या रीलपुरता नाही. घरातल्या मोठ्यांनीही विचारायला हवं, की पोरीच्या पर्समध्ये कुणाचा फोटो सापडला तर आपला हात कुठं जातो?

तेव्हा या सुट्टीत तीन कामं करा. हा थाई पिक्चर मिळाला तर बघा, मित्रांना घेऊन. ‘फकिरा’ वाचा, कॉलेजच्या लायब्ररीत नसेल तर मागून घ्या. आणि शेणोलीला कुणी जुनं जाणतं माणूस भेटलं तर त्या रेल्वेची गोष्ट विचारा. भाईगिरी दाखवायची खुमखुमी कितपत उरते, ते मग आम्हाला कळवा.