मोहफूल हलाल, मग शंका कशाची?

मोहफूल हलाल आहे. आपल्या भागातले आदिवासी ते भाजून खातात, लाडू वळतात. दारू हराम, यातही वाद नाही. प्रश्न मधला आहे. गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरातली २०२१मध्ये उठली. दोन्हीकडे आपला एखादा व्यापारी भट्टीवाल्याला ओळखून पोतं देतो आणि म्हणतो, ‘मी तर फूल विकलं!’

दारू गाळणाऱ्याला द्राक्षरस विकणं इमाम अबू हनीफांनी जायज मानलं. त्यांचेच शागीर्द अबू युसूफ आणि मुहम्मद यांनी मकरूह. इमामांतच मतभेद, म्हणजे मामला शंकेचा. नुमान बिन बशीर (रजि.) यांच्या हदीसमध्ये राखीव कुरणाच्या कडेला जनावरं चारणारा गुराखी येतो. ताडोबाच्या हद्दीजवळच्या गुराख्याला ही हदीस समजावून सांगावी लागत नाही.

आम्ही मात्र बिस्किटाच्या पुड्यावर जिलेटिन शोधतो, शेजाऱ्याने दिलेला मोहाचा लाडू परत करतो आणि भट्टीच्या पैशातून मशिदीला पंखा देतो. हा तक्वा उलटा आहे. मोह वेचणाऱ्या गरीब बाईला गिऱ्हाईक निवडता येत नाही, व्यापाऱ्याला येतं. लाडू खुशाल खा. पोतं कोणाच्या दारात उतरतं, ते बघा.