विचारायला आलेला माणूस

नाशिकला आमच्या वसाहतीच्या मागे एक मोकळे मैदान आहे. सकाळी सहा ते सात या वेळात ते आम्हा कुत्रेवाल्यांच्या ताब्यात असते. पाच-सहा निवृत्त मंडळी, दोन-तीन गृहिणी, एखाद-दुसरा कॉलेजचा मुलगा आणि या सगळ्यांना ओढत नेणारी आठ-दहा कुत्री. इथे ओळख आधी कुत्र्यांची होते, माणसांची मागाहून. आमच्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक चाळीस वर्षांची नोकरी करूनही आता 'ब्रुनोचे आजोबा' म्हणूनच ओळखले जातात आणि त्याचे त्यांना वाईटही वाटत नाही.

या मैदानावर ज्ञानाला तोटा नाही. गोचिडांवर काय लावावे, ताकभात द्यावा की नाही, पावसाळ्यात पंजे कसे पुसावेत, कुठल्याही प्रश्नावर किमान तीन मते मिळतात. बँकेतली माझी पस्तीस वर्षे आणि घरातली तीन कुत्री यांच्या जोरावर मीही तिथे थोडा वडीलकीचा मान मिळवून होतो. तो मान मी कसा वापरला, ते आज सांगायचे आहे.

२०२२ च्या पावसाळ्यातली गोष्ट. नुकताच भाड्याने राहायला आलेला एक तरुण सकाळी मैदानावर आला. हातात बिस्किटांचे रिकामे खोके, त्यात जुन्या टॉवेलवर पिल्लू. जेमतेम पाच आठवड्यांचे असेल. मुलीच्या वाढदिवसाला आणले होते. आमच्या घोळक्यापाशी येऊन तो म्हणाला, "काका, कालपासून दूध प्यायलं की उलटी करतंय. काय द्यावं?"

प्रश्न अगदी साधा होता. उत्तरे मात्र अशी आली : "इतक्या लवकर आईपासून तोडलंत?" "लस दिली का? नाही? कमाल आहे!" "गाईचं दूध कुणी सांगितलं द्यायला?" "पोरांना खेळणं हवं म्हणून कुत्री आणतात हल्ली!" तो प्रत्येकाकडे पाहत होता. मी काय म्हणालो तेही आठवते. आठवते म्हणण्यापेक्षा, विसरता येत नाही. मी म्हणालो, "अहो, कुत्रं पाळायचं म्हणजे आधी आपली लायकी बघावी."

"चुकलं काका," म्हणून तो खोके उचलून निघून गेला.

आम्ही म्हणालो त्यातले एकही वाक्य तपशिलात खोटे नव्हते. पिल्लू निदान आठ आठवडे आईजवळ असावे. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली लस द्यावी लागते. गाई-म्हशीचे दूध अनेक पिल्लांना पचत नाही. सगळे बरोबर. फक्त पिल्लू पाणी ठेवते आहे का, शौचाला रक्त पडते का, दवाखाना किती वाजता उघडतो, यातले एकही वाक्य आमच्यापैकी कुणाच्या तोंडून निघाले नाही. ज्ञान सहा जणांकडे होते. उपयोग एकाचाही झाला नाही.

पिल्लू तिसऱ्या दिवशी गेले. मला ते कळले महिनाभराने, लिफ्टमध्ये. मी चौकशी केली तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "रात्री रक्ताची हगवण लागली. तुमच्याकडे यायचं मनात होतं, पण म्हटलं, पुन्हा कशाला. डॉक्टरही रागावतील असं वाटलं. सकाळ होईपर्यंत थांबलो." नंतर मी हे वर्णन एका पशुवैद्यांना सांगितले. ते म्हणाले, पार्वो असावा. या रोगात उलट्या आणि रक्ती हगवण यांनी शरीरातले पाणी संपते. वेळेवर सलाइन आणि औषधे सुरू झाली तर कित्येक पिल्ले वाचतात, आणि उशिराचा प्रत्येक तास महाग पडतो. ते पिल्लू वाचलेच असते असे मी म्हणणार नाही. पण त्याच्या वाट्याचे जे थोडेफार तास होते, त्यांतले काही आमच्या बोलण्याने गेले.

त्या दिवसापासून मला माझी पहिली शाखा वारंवार आठवते. १९८५ च्या सुमारास मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी अधिकारी म्हणून रुजू झालो. १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९८० साली आणखी सहांचे, आणि बँक खेड्यापर्यंत पोचली. पोचली म्हणजे इमारत पोचली. काउंटरपुढे उभ्या राहणाऱ्या माणसाला पैसे भरायची स्लिप कुठली आणि काढायची कुठली हे ठाऊक नसे. तो विचारी. आतून उत्तर येई, "वाचता येत नाही का? तिकडे लिहिलंय." वाचता येत नव्हते, म्हणूनच तर तो विचारत होता. असा माणूस खाली मान घालून बाहेर पडला की पुन्हा फिरकत नसे. गावात सावकार होताच. व्याज लावी, पण हसून बसायला सांगे.

आमच्या शाखेत एक वयस्क शिपाई होते. कुणी गोंधळलेला दिसला की ते त्याला बाकावर बसवीत, पाण्याचा पेला पुढे करीत आणि म्हणत, "बसा पाव्हणं. नवं हाय, हुईल सवय." मग स्लिप भरून देत. त्या शाखेच्या ठेवी वाढल्या, त्याचे श्रेय वरच्या कार्यालयाने आम्हा अधिकाऱ्यांना दिले. खरे श्रेय त्या बाकाचे आणि त्या पेल्याचे होते. हे मला तेव्हाच समजले होते, असा माझा समज होता. पस्तीस वर्षांनी मैदानावर कळले की ते मला मुळीच समजले नव्हते.

रागावण्याने माणूस शहाणा होतो, अशी आपली जुनी श्रद्धा आहे. कुत्र्यांच्या बाबतीत ती किती फसवी आहे, हे अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकन संशोधक बाईंनी २००९ साली एका साध्या प्रयोगातून दाखवले. मालकाने कुत्र्याला खाऊ खायचा नाही असे बजावायचे आणि खोलीबाहेर जायचे. परत आल्यावर त्याला सांगितले जाई की कुत्र्याने खाऊ खाल्ला किंवा खाल्ला नाही. आणि हे सांगणे कधी खरे असे, कधी खोटे. निष्कर्ष असा निघाला की, कान पाडणे, नजर चुकवणे, अंग चोरणे हा जो 'अपराधी चेहरा' आपण ओळखतो, त्याचा अपराधाशी संबंध नव्हता. तो मालकाच्या रागावण्याशी होता. किंबहुना, ज्यांनी काहीच केले नव्हते आणि तरी बोलणी खाल्ली, त्या कुत्र्यांचा चेहरा अधिक अपराधी दिसला.

हे वाचले आणि मला "चुकलं काका" म्हणणारा तो तरुण दिसला. आपण कुणाला फैलावर घेतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर एक पडेल भाव येतो आणि आपल्याला वाटते, चला, धडा मिळाला. धडा एवढाच मिळालेला असतो की या माणसाकडे पुन्हा यायचे नाही.

शिवाय ज्या ज्ञानाच्या जोरावर आपण नवख्यांना झोडपतो, ते ज्ञान तरी किती पक्के असते? माझे पहिले कुत्रे, मोत्या, १९८८ साली घरी आले. त्याने सतरंजीवर लघवी केली की त्याचे नाक त्यात घासायचे, असे मला एका जाणत्या गृहस्थांनी सांगितले होते. मी इमानेइतबारे ते केले. मोत्या काय शिकला? तर माझ्यादेखत लघवी करायची नाही. तो कपाटामागे जाऊ लागला. पिल्लाला झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर बाहेर न्यावे, योग्य जागी केले की लगेच शाबासकी द्यावी, एवढी साधी गोष्ट मला कळायला दुसरे कुत्रे यावे लागले.

त्या काळी आणखी एक मंत्र होता : कुत्रा म्हणजे लांडगा, त्याला दाखवून द्या की कळपाचे प्रमुख तुम्ही आहात. या समजुतीमागे १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांवर केलेला अभ्यास होता, आणि ती जगभर पसरायला डेव्हिड मेक या लांडग्यांच्या मोठ्या अभ्यासकाचे १९७० सालचे पुस्तक पुष्कळ अंशी कारणीभूत झाले. पुढे मेक स्वतः जंगलातले लांडगे वर्षानुवर्षे पाहत राहिले आणि १९९९ साली त्यांनी लिहिले की जंगलातला कळप म्हणजे बहुधा एक कुटुंब असते : आई, वडील आणि त्यांची पोरे. आपलेच खपणारे पुस्तक छापणे थांबवा, असा आग्रह त्यांनी प्रकाशकाकडे धरला. एवढा मोठा माणूस 'माझे चुकले' म्हणू शकतो. मग पाच आठवड्यांचे पिल्लू घेऊन आलेल्या पोराला 'लायकी' विचारणारे आपण कोण?

यावर आमच्या मैदानावर मला हटकून एक प्रश्न विचारला जातो. "म्हणजे चूक दिसली तरी गोड बोलायचं का? मुक्या जिवाचे हाल होतात त्याचं काय?" प्रश्न रास्त आहे. हालअपेष्टा करणारे लोक असतात आणि त्यांच्यासाठी १९६० सालचा कायदा आहे. पाळलेला प्राणी वाऱ्यावर सोडून देणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. पण क्रूर माणूस सल्ला विचारायला येत नाही, हे लक्षात घ्यावे. जो सकाळी सहाला उठून, खोक्यात पिल्लू घालून, अनोळखी माणसांपुढे उभा राहतो, त्याला काळजी आहे. नसते ते ज्ञान. ज्ञान देता येते. काळजी बाहेरून देता येत नाही, म्हणून ती असेल तिथे जपावी.

आणि गोड बोलणे म्हणजे खरे लपवणे नव्हे. आमच्याकडच्या एक आजी नातवाच्या कुत्र्याला प्रेमाने रोज चार बेदाणे भरवीत. नाशिकच्या माणसाला द्राक्ष वाईट असते हे पटायचे कसे! पण द्राक्षे आणि बेदाणे यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडाला गंभीर इजा होऊ शकते, आणि ती किती दाण्यांनी होईल याचा भरवसा नाही. हे त्यांना त्याच दिवशी, स्पष्ट शब्दांत सांगावेच लागले. फक्त सुरुवात "आजी, तुम्ही विचारलंत ते फार बरं झालं" अशी केली. त्यांनी लगेच कांदा, लसूण आणि चॉकलेटचेही विचारून घेतले. ही तिन्हीही कुत्र्याला घातक. रागावलो असतो तर बेदाणे बंद झाले असते, पण चॉकलेट चालू राहिले असते.

हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न असता तर एवढे लिहिले नसते. आपल्याकडे कुत्रा चावला की कितीतरी मुले घरी सांगत नाहीत. "तू कशाला गेलास त्याच्या वाटेला?" म्हणून आधी दोन धपाटे मिळतील, ही भीती. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. आणि लक्षणांच्या आधी मात्र साबण आणि वाहते पाणी यांनी पंधरा मिनिटे धुतलेली जखम, लगेच गाठलेला दवाखाना आणि लसीचे पूर्ण डोस एवढ्याने जीव वाचतो. मधले अंतर फक्त सांगण्याचे आहे. ज्या घरात सांगितल्यावर आधी जखम धुतली जाते आणि चौकशी मागाहून होते, त्या घरातले मूल सांगते.

जखम आधी, चौकशी मागाहून. माझ्या मते सगळा मुद्दा या क्रमात आहे. कुणी नवखा विचारायला आला तर आज, आत्ता त्या प्राण्याला काय हवे ते प्रथम सांगावे. पिल्लू लोळागोळा झाले असेल तर दवाखान्याचा पत्ता द्यावा. जमल्यास बरोबर जावे. माणसाच्या गोळ्या मनाने देऊ नका, म्हणून बजावावे. एका भेटीत दोनच गोष्टी सांगाव्यात, दहा नव्हेत. दहा कुणाच्याच ध्यानात राहत नाहीत. आईपासून लवकर तोडल्याची गोष्ट पुढे कधीतरी, चहा पिताना काढता येते. ते घडून गेलेले असते, आज त्यावर इलाज नसतो. आणि निरोप घेताना "उद्या कसं आहे ते सांगा हं" एवढे म्हणावे. या एका वाक्याने तो माणूस उद्या परत येतो. त्याने परत येणे हेच त्या पिल्लाचे अर्धे औषध असते.

आपल्यापैकी प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या खिडकीपुढे नवखा असतो. परवा मोबाइलवरून विजेचे बिल भरताना मी अडकलो. वरच्या मजल्यावरच्या मुलीला विचारले. ती बँकेतल्या माणसाला हसली नाही. "आजोबा, पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं," म्हणाली आणि शेजारी बसली. मी तिच्याकडे पुन्हा तीनदा गेलो आहे.

आता मैदानावर कुणी नवा माणूस पिल्लू घेऊन आला की मी आधी त्याच्या कुत्र्याचे नाव विचारतो. माणसाचा चेहरा खुलतो, कुत्रे शेपूट हलवते आणि पुढचे बोलणे सोपे होते. त्या खोक्यातल्या पिल्लाचे नाव काय ठेवले होते, ते मला आजही ठाऊक नाही. त्या सकाळी आमच्यापैकी कुणी ते विचारलेच नव्हते.