कृष्णेचे पाणी आणि आंध्रचा माणूस

महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा वाई, कराड, सांगली करीत आपल्या राज्याबाहेर पडते. पुढे तिचे काय होते? पाठ्यपुस्तक एका ओळीत सांगते की ती बंगालच्या उपसागराला मिळते. त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावणाऱ्या गोदावरीचेही तेच. या दोन्ही नद्या ज्या राज्यात समुद्राला मिळतात, त्या आंध्र प्रदेशाची ओळख या वेळी आपण करून घेऊ.

आधी नकाशा पाहू. आंध्रचे क्षेत्रफळ सुमारे 1 लाख 63 हजार चौरस किलोमीटर, समुद्रकिनारा सुमारे एक हजार किलोमीटर आणि लोकसंख्या 2011 च्या जनगणनेनुसार पाच कोटींच्या आसपास. उत्तरेला श्रीकाकुलम, विशाखापट्टणमचा डोंगराळ भाग. मध्ये गोदावरी व कृष्णा यांच्या मुखाजवळची सपाट, काळी, सुपीक जमीन. आतल्या बाजूला कोरडी रायलसीमा. तिथला अनंतपूर जिल्हा देशातल्या अतिशय कमी पावसाच्या जिल्ह्यांपैकी एक. म्हणजे एकाच राज्यात पाण्यात उभी भातशेती आणि थेंबाची वाट पाहणारे भुईमुगाचे रान, दोन्ही आहे.

भाषेच्या पायावर नव्याने उभे केलेले पहिले राज्य हेच. पोट्टी श्रीरामुलू यांचा 1952 च्या डिसेंबरात उपोषणात मृत्यू झाला आणि 1953 साली आंध्र राज्य झाले. 1956 साली निजामाच्या जुन्या मुलखातला तेलंगणा त्याला जोडला गेला. मराठवाडा त्याच वेळी हैदराबादेतून निघून आपल्याकडे आला. पुढे 2014 साली तेलंगणा पुन्हा वेगळा झाला.

आता या भूमीचा जुना इतिहास बघा. तो आपल्या पैठणशी जोडलेला आहे. पैठणच्या सातवाहनांची सत्ता कृष्णेच्या मुखापर्यंत पोहोचली होती. गुंटूरजवळ कृष्णाकाठी अमरावतीचा महास्तूप उभा होता. त्याची शिल्पे आज चेन्नईच्या आणि लंडनच्या संग्रहालयांत आहेत. हा स्तूप केवळ राजांच्या पैशातून उभा राहिलेला नाही. तिथल्या शिलालेखांत सामान्य उपासक-उपासिकांची नावे आहेत. त्यातले एक नाव आपल्या प्रत्येक घरात माहीत असावे. विधिक नावाच्या एका चर्मकाराने आपली आई, बायको, भाऊ, मुलगा आणि मुली यांच्यासह पूर्णघट कोरलेली शिला स्तूपाला दान दिली. त्याने आपला धंदा लपवला नाही आणि कोणी त्याला दूर उभे केले नाही. त्याच्या कुटुंबाचे दान सर्वांच्या दानाबरोबर त्याच स्तूपावर बसले.

त्याच नदीवर नागार्जुनकोंडा आहे. इक्ष्वाकू राजघराण्यातल्या चामतिसिरीने तिथल्या महाचैत्याला मोठे दान दिले. बोधिसिरी नावाच्या उपासिकेने सिंहली भिक्खूंसाठी चैत्यगृह बांधले. 1955 साली तिथे नागार्जुनसागर धरणाची पायाभरणी झाली. दरी पाण्याखाली जाणार म्हणून आधी उत्खनन केले गेले आणि सापडलेले अवशेष उंचावर नेऊन जपले गेले. ती टेकडी आज जलाशयात बेटासारखी उभी आहे.

आता पाण्याचा हिशेब. इंग्रज अभियंता आर्थर कॉटन याने 1847 ते 1852 या काळात गोदावरीवर धवळेश्वरमचा बंधारा बांधला. पाठोपाठ विजयवाड्याला कृष्णा अडवली गेली. कालवे निघाले, दुष्काळी मुलूख भाताचे कोठार झाला. ज्यांच्या नावे जमीन होती त्यांच्याकडे पैसा आला. त्या पैशातून गिरण्या, चित्रपट, कारखाने आणि राजकारण उभे राहिले. पण गुडघाभर चिखलात रोप लावणारा माला आणि मादिगा समाज बहुतांशी भूमिहीनच राहिला. विनुकोंड्याला जन्मलेले दलित कवी गुर्रम जाषुवा यांच्या 1941 च्या ‘गब्बिलम’ काव्यात अस्पृश्य माणूस आपले दुःख वटवाघळाजवळ सांगून शिवाकडे पाठवतो. कारण वटवाघूळ देवळात जाऊ शकते, तो जाऊ शकत नाही.

पुढचे ऐकताना चवदार तळे आठवल्यावाचून राहत नाही. जुलै 1985 मध्ये कारमचेडू गावी पिण्याच्या तळ्यात म्हशींची घाण जाते म्हणून दलितांनी हरकत घेतली. दुसऱ्या दिवशी जमीनदारांच्या जमावाने हल्ला करून सहा मादिगांना ठार मारले. चामड्याचे काम ज्यांच्यावर पिढ्यानपिढ्या लादले गेले, तोच हा समाज. विधिकाची अमरावती तिथून फार दूर नाही. वाचलेली कुटुंबे चिराळ्याला आली, तिथेच त्यांनी वस्ती केली आणि त्या लढ्यातून दलित महासभा उभी राहिली. ऑगस्ट 1991 मध्ये चुंडूरला आठ दलितांची हत्या झाली. प्रेते पोत्यांत भरून कालव्यात टाकली गेली. खटल्यासाठी गावातच विशेष न्यायालय बसले. 2007 साली 21 जणांना जन्मठेप झाली, 2014 साली उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. कालव्याने भात पिकवला. माणसाला माणूस मानायला मात्र कालवा शिकवत नाही.

किनाऱ्याची कमाई मोठी आहे. विशाखापट्टणमची गोदी सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1941 साली सुरू केली. पोलाद कारखान्यासाठी तेलुगू जनतेने 1966 साली मोठे आंदोलन केले. आज देशातल्या कोळंबीचा फार मोठा वाटा आंध्रच्या तळ्यांतून येतो. पण भाताच्या शेताची कोळंबीची तळी झाली की मजुराचे लावणी-कापणीचे काम जाते आणि शेजारच्या विहिरीला खारटपणा येतो. वादळही आधी गरिबाची झोपडी उचलते. नोव्हेंबर 1977 मध्ये कृष्णेच्या मुखाशी दिवीसीमा भागात समुद्र आत शिरला आणि हजारो माणसे गेली.

2015 साली नव्या राजधानीची पायाभरणी झाली. तिला नाव दिले अमरावती. शेतकऱ्यांकडून 30 हजारांहून अधिक एकर जमीन घेताना मोबदल्यात त्यांना विकसित भूखंड देऊ केले गेले. त्याच जमिनीवर राबणाऱ्या भूमिहीन कुटुंबांना सुरुवातीला महिना 2500 रुपये निवृत्तिवेतन ठरले. जमीन असलेल्याला शहरात वाटा, राबणाऱ्याला वेतन! हा फरक वाचकांनी लक्षात ठेवावा. आपल्याकडेही धरणे, रस्ते, कारखाने यांसाठी जमिनी जातात, तेव्हा हिशेब याच रीतीने मांडला जातो.

संध्याकाळी मुले नकाशा घेऊन बसली की महाबळेश्वरावर बोट ठेवायला सांगा आणि नदीच्या रेषेवरून अमरावतीपर्यंत न्या. तिथे थांबून त्यांना विधिकाचे नाव सांगा आणि कारमचेडूचेही. दोन्ही नावे एकाच नदीच्या मुलखातली आहेत, हे त्यांना कळू द्या.

पुढच्या लेखात आपण किनाऱ्याने वर, ओडिशाकडे जाऊ.