जड पाणी, हलकी समजूत

पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात 'गुइलेन बॅरे सिंड्रोम'चे रुग्ण वाढले आणि घराघरांतील पाण्याविषयीची धास्तीही वाढली. अशा वेळी जलशुद्धीकरण यंत्रांच्या विक्रीला बहर येतो. मात्र दूषित पाणी आणि जड पाणी हे दोन वेगळे प्रश्न आहेत, याचा विसर ग्राहकाला पडतो आणि विक्रेता तो पडू देतो.

दख्खनच्या काळ्या खडकातून झिरपणारे भूजल कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार घेऊनच विंधन विहिरीत येते. परिणामी साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, गिझरमध्ये थर साचून विजेचा खर्च वाढतो. हा त्रास खरा असला, तरी तो मुख्यतः गैरसोयीचा आहे; काठिण्यामुळे प्रकृतीला अपाय होतो, असा ठोस पुरावा जागतिक आरोग्य संघटनेला आढळलेला नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत काठिण्य स्वीकारार्ह आहे. पर्यायी स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे.

विक्रेत्याच्या हातातील 'टीडीएस' मीटर विरघळलेल्या क्षारांचा केवळ एकूण अंदाज देतो. त्यात काठिण्य किती हे कळत नाही, जंतू तर मुळीच दिसत नाहीत. विजेचा प्रवाह सोडून पाणी तपकिरी करून दाखविण्याचा प्रयोग तर निव्वळ दिशाभूल होय. तो रंग प्रामुख्याने यंत्रातील लोखंडी कांड्यांच्या गंजाचा असतो.

उपाय गरजेनुसारच निवडावा लागतो. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण काठिण्याचा काही भागच जातो. तुरटीने गाळ बसतो, काठिण्य हटत नाही. आंघोळ व धुण्यासाठी मिठावर चालणारे 'सॉफ्टनर' उपयुक्त. मात्र ते पाण्यात सोडियम वाढवते. 'आरओ' क्षार काढते, पण अनेक घरगुती यंत्रांत एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी वाया जाते. म्हणूनच क्षारांचे प्रमाण लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तेथे 'आरओ'ला मनाई करावी, असे राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये सुचविले होते. पालिकेचे धरणाचे पाणी घेणाऱ्या अनेक घरांना त्याची गरजच नसते.

यंत्रापूर्वी तपासणी, हाच शहाणपणाचा क्रम. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेतून आलेला अहवाल विक्रेत्याच्या मीटरहून अधिक विश्वासार्ह असतो. दुष्काळी प्रदेशात टँकरने विकत घेतलेले पाणी मोरीत सोडून देणारी शुद्धता मात्र कोणालाच परवडणारी नाही.