यात स्त्रीप्रश्न कुठे आहे?

गेल्या दिवाळीनंतर आमच्या गटानं कार्यालयाची जागा बदलली. जागा बदलायची म्हणजे पत्र्याची ट्रंक उघडणं आलंच. इतर गटांकडून, संस्थांकडून, एकेकट्या बायकांकडून आलेले अंक आम्ही वर्षानुवर्षं त्या ट्रंकेत टाकत आलो. ‘टाकत’ हाच शब्द बरोबर आहे. तळाशी सहा अंक सापडले. झेरॉक्स केलेले, सोळा-सोळा पानांचे, मधोमध स्टेपलरच्या पिना मारलेले. रत्नागिरी जिल्ह्यात एका खाडीकाठी राहणाऱ्या निवृत्त शिक्षिकेनं २०१७ ते २०१९ या काळात ते एकटीनं काढले होते. सहाही अंकांचा विषय एकच: आपल्या खाडीत काय सापडतं, कधी सापडतं आणि ते कोणाला माहीत असतं.

तिसऱ्या कुठल्या गाळात, मुळे कुठे, कालवं कुठल्या खडकावर. भरतीची वेळ काढायची ती जुनी रीत: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहाला. पुढे साधारण सहा तासांनी ओहोटी, म्हणजे चतुर्थीला पाणी उतरणार नवाच्या सुमाराला. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा ओहोटीही खोल आणि एरवी पाण्याखाली असणारे खडक उघडे. ही रीत कोकणात पुष्कळांना ठाऊक आहे, त्यात नवल नाही. पण या बाईंनी गावातल्या कोणाकोणाला हा हिशेब तोंडी येतो, कोणाची सून आता मोबाइलवर वेळ बघते, कुठल्या खडकावर जायला अलीकडे बायका घाबरतात, हेही लिहिलं होतं. पहिल्या अंकासोबत चिठ्ठी होती. तुमचा अंक मला पाठवा, माझा मी तुम्हाला पाठवत जाईन, एवढंच मागणं.

आम्ही अंक पाठवला नाही. २०१७ च्या त्या बैठकीत तो सोळा पानी अंक हातोहात फिरला, दोघीतिघींनी ‘छान आहे’ म्हटलं, आणि मग एकीनं विचारलं, “सगळं ठीक आहे, पण यात स्त्रीप्रश्न कुठे आहे?” सगळ्या गप्प झाल्या आणि पुढचा विषय निघाला. ते वाक्य माझं होतं.

मैत्रिणींनो, हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे.

बाईनं लिहावं असं आपण चाळीस-पन्नास वर्षं सांगत आलो. शिबिरं घेतली, लिहित्या बायका शोधल्या, त्यांच्या हातात वह्या दिल्या. मग त्या लिहू लागल्या आणि आपण नकळत दारावर पहारेकरी होऊन बसलो. मारहाणीबद्दल लिहिलंस? ये आत. पोटगीबद्दल? ये. आणि पक्ष्यांबद्दल, गणिताबद्दल, जुन्या गिरण्यांच्या यंत्रांबद्दल, क्रिकेटबद्दल, खाडीतल्या शिंपल्यांबद्दल? तो तुझा छंद, बाई, घरी ठेव. पुरुषाची आवड म्हणजे व्यासंग आणि बाईची आवड म्हणजे विरंगुळा, हा भेद पुरुषप्रधान समाजानं केला हे आपण भाषणात सांगतो आणि आपल्याच ट्रंकेत तो पाळतो. बाईनं फक्त बाईपणाबद्दल बोलावं हा नियम आपल्या विरोधकांना किती सोयीचा आहे! उरलेलं सगळं जग मग त्यांच्या नावावर.

तानुबाई बिर्जे यांचं उदाहरण घ्या. नवऱ्याच्या मृत्यूनंतर १९०६ मध्ये त्यांनी ‘दीनबंधू’ हे पत्र हाती घेतलं आणि १९१२ पर्यंत चालवलं. त्या काळात बाईच्या हाती एखादं ‘स्त्रियांचं पान’ देणं हेच औदार्य ठरलं असतं. त्यांनी अख्खं वृत्तपत्र सांभाळलं. किंवा अगदी जवळचं बघा. उत्तर प्रदेशातल्या चित्रकूट भागात २००२ मध्ये ‘खबर लहरिया’ निघालं, बुंदेली बोलीतलं, गावातल्या आणि बहुतांशी दलित बायकांनी चालवलेलं. त्यांच्या कामावरचा ‘रायटिंग विथ फायर’ हा चित्रपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला, तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या बायका अत्याचाराच्या बातम्या देतातच. पण हातपंप, खाणी, रस्ते, निवडणुका यांच्याही देतात. हे आमचं क्षेत्र नव्हे असं त्या म्हणाल्या असत्या तर त्या वार्ताहर झाल्याच नसत्या.

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त बोचते. स्वतंत्रपणे, स्वतःच्या खर्चानं लिहिणाऱ्या बाईचं लेखन आपोआप कोणाच्या हाती पडत नाही. ते शोधावं लागतं. शोधणं हे काम आहे, कष्टाचं काम, आणि ते केलं नाही तर काय होतं याचा दाखला आपल्या घरातच आहे. ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ साली पुण्यात छापलं गेलं. बुलढाण्याची बाई, पाठीशी ना संस्था ना पत्र. जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये तिची बाजू घेतली, ती १८८५ साली. आणि मग शांतता. स. गं. मालशे यांनी ते पुस्तक पुन्हा प्रसिद्ध केलं तेव्हा १९७५ साल उजाडलं होतं. त्र्याण्णव वर्षं! मधल्या काळात किती मुलींना वाटलं असेल की असा विचार करणारी मीच पहिली, मीच एकटी? ते पुस्तक कोणी जाळलं नव्हतं, त्याच्यावर बंदीही नव्हती. कोणी विचारलं नाही, एवढंच. आज आपण ताराबाईंची पोस्टरं लावतो. त्या नव्वद वर्षांत ज्यांनी ते पुस्तक कपाटात पडू दिलं, ते सगळे दुष्ट होते असं मला वाटत नाही. ते आमच्यासारखेच कामात असतील.

बेबीताई कांबळेंच्या ‘जिणं आमचं’चं उलट झालं. दुकानात बसून लिहिलेलं, घरच्या पुरुषांपासून वर्षानुवर्षं लपवलेलं ते लेखन. फलटणला राहणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांनी चौकशी केली, वाचायला मागितलं, ते छापावं म्हणून पाठपुरावा केला. मग ‘स्त्री’ मासिकातून ते क्रमशः आलं आणि १९८६ मध्ये पुस्तक झालं. कोणीतरी दुकानाच्या पायरीवर जाऊन विचारलं म्हणून. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या घरी जाऊन त्यांच्या आठवणी जमवल्या नसत्या तर १९८९ चं ‘आम्हीही इतिहास घडवला’ कुठून आलं असतं? आणि गंगाधर पानतावण्यांच्या ‘अस्मितादर्श’नं नुसते अंक काढले नाहीत, लेखक-वाचकांचे मेळावे घेतले. लिहिणारा आणि वाचणारा एका मांडवात बसला. (साठच्या दशकातल्या लघुअनियतकालिकांच्या बंडखोरीचे गोडवे आपण फार ऐकले. त्या यादीत बायकांची नावं शोधायला बसा, चहा निवायच्या आत शोध संपेल.)

कोणी म्हणेल, आता ट्रंका कशाला, फोन आहे ना! फोनवर सगळं मिळतं. मिळतं खरं, पण कोणाला काय मिळावं हे कोण ठरवतं? कालपरवा जे बघितलंत त्याच्यासारखंच आज पुढे येतं, कारण तुम्ही तिथेच खिळून राहावं आणि जाहिराती बघाव्यात यावर त्या कंपन्यांचं पोट आहे. मी सहा महिने हिंसाचाराच्या बातम्या वाचल्या तर मला हिंसाचारच दिसतो. खाडीकाठची बाई मला तिथे कधीच भेटणार नाही, कारण मी तिला शोधलेलं नाही आणि तिच्याकडे बघून कोणाला पैसा मिळत नाही. बैठकीतल्या माझ्या वाक्याचंच ते यंत्र झालं आहे. तुझा विषय सोडून तुला दुसरं काय करायचंय?

आणि सरकारचं म्हणाल तर टपालाचा इतिहास बघा. १८९८ च्या टपाल कायद्यात वृत्तपत्राच्या सवलतीच्या दरासाठी अट होती की पत्र जास्तीत जास्त एकतीस दिवसांच्या अंतरानं निघालं पाहिजे. त्रैमासिक काढणाऱ्या आपल्यासारख्या गटांनी त्या दाराकडे बघायचंच नाही. तो कायदा जून २०२४ मध्ये गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस बुकपोस्टही बंद झालं, ज्याच्या भरवशावर छोटे अंक गावोगाव जात. मे २०२५ मध्ये पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ आलं, पण नियतकालिकांना त्यात जागा नाही. म्हणजे ज्ञान पुस्तकात असतं, तीन महिन्यांनी निघणाऱ्या सोळा पानांत नसतं! याविरुद्ध आपल्यापैकी किती गटांनी निवेदन दिलं? आम्ही नाही दिलं.

माझ्या गटात हे बोलले तेव्हा दोन आक्षेप आले. पहिला पैशाचा आणि वेळेचा. दारात मार खाल्लेली बाई उभी असताना शिंपल्यांचा अंक कोण वाचणार? हा आक्षेप मी झटकून टाकणार नाही, कारण दारातली बाई खरी आहे. पण तिला आपण काय देऊ करतो? मारापासून सुटका, वकील, निवारा. पुढे? सुटलेल्या बाईला उरलेल्या आयुष्यात रस घेण्यासारखं जग हवं की नको? आमच्याकडे आलेली एक मुलगी केस चालू असतानाच्या दोन वर्षांत दर महिन्याला कार्यालयातला एक अंक घरी न्यायची, आणि कायद्याचा कधीच नाही. चित्रकलेचा असला तर तो, नाहीतर शेतीचा. केस तिच्या आयुष्यात होतीच, वाचायला तिला दुसरं काही हवं होतं.

दुसरा आक्षेप असा की स्वतंत्र म्हणजे चांगलं असं थोडंच आहे? बरोबर आहे. स्वखर्चानं जातीचा तोरा मिरवणाऱ्या बायकाही आहेत, औषधांच्या नावाखाली काहीबाही छापणाऱ्याही आहेत. खाडीकाठच्या बाईंच्या तिसऱ्या अंकात भंडारी आणि कोळी वस्त्यांबद्दल दोन वाक्यं मला खटकली. मग वाचून भांडावं. भांडण हासुद्धा मान आहे, ट्रंक हा अपमान आहे. आपल्या अंकात मागच्या पानावर आपण ‘साभार पोच’ छापतो, नावांची एक रांग. मी खात्रीनं सांगते, त्यातले निम्मे अंक पोच देणारीनं उघडलेलेसुद्धा नसतात.

माझं मागणं साधं आहे. पुढच्या अंकापासून ‘साभार पोच’ बंद करा आणि त्या जागी दोन पानं द्या. दर वेळी वेगळ्या दोघींनी आलेल्यातले तीन-चार अंक खरोखर वाचावेत आणि काय आवडलं, काय पटलं नाही ते लिहावं, काढणारीच्या परवानगीनं पत्त्यासह. विषयाची अट नको. बुद्धिबळ चालेल, विहिरी चालतील, टाक्यांची भरतकामं चालतील, ताऱ्यांचं चालेल. आणि जिनं अंक पाठवला तिला आपला अंक जायलाच हवा, वर्गणी असो वा नसो. तेवढा टपालखर्च आपल्या एका बॅनरच्या खर्चात बसतो, हिशेब मी बैठकीत मांडला आहे.

त्या बाईंना मी जानेवारीत पत्र टाकलं. सहाव्या अंकाच्या शेवटी पुढच्या अंकात खेकड्यांच्या बिळांबद्दल लिहीन असं त्यांनी म्हटलं होतं, तो अंक निघाला का, हे विचारलं. अजून उत्तर नाही. सहाही अंकांच्या झेरॉक्स प्रती मी करून घेतल्या आहेत. ज्यांना हव्या असतील त्यांनी पुढच्या बैठकीला येताना सांगावं.