पांच वर्षांची मुदत

उधारीस मुदत असते, हें वडूजच्या पेठेंत कोणास सांगावयास नको. परंतु नवराबायको विभक्त झालीं असतां मुलासही तशीच मुदत लावावी, हें आम्हांस शोचनीय वाटतें. पांच वर्षे आईकडे, पुढें बापाकडे, असा कायदाच आहे, असें शहाणेसुरते लोकही सांगतात. १९५६ च्या हिंदु अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या सहाव्या कलमांत एवढेंच आहे कीं, पांच वर्षे पुरीं न झालेलें मूल सामान्यतः आईजवळ असावें. पुढें तें बापास परत करावें, असें कोठेंही नाहीं. उलट तेरावें कलम मुलाचें हित सर्वश्रेष्ठ मानतें. बाप हयात असतां आई पालक होऊंच शकत नाहीं, हा अर्थही गीता हरिहरन यांच्या खटल्यांत १९९९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें नाकारला.

खटाव तालुक्यांतील कित्येक कुटुंबें गलाईच्या धंद्यासाठीं परप्रांतीं असतात. तिकडे मूल नेलें कीं येथील दावा सरला, असें बापानें समजूं नये. मूल एरव्हीं जेथें राहतें तेथील न्यायालयाकडेच १८९० च्या कायद्याप्रमाणें अर्ज चालतो, आणि जाणत्या मुलाची इच्छाही तेथें विचारांत घेतां येते. पंचांच्या बैठकींत भांड्यांची यादी होते, दागिन्यांची होते. त्या पोरास मात्र कोणी विचारीत नाहीं.