स्वप्नातली कॉन्टेसा 'व्हिंटेज' की 'भंगार'? जुन्या गाड्यांचे नियम नेमके काय आहेत, समजून घ्या

नोव्हेंबर २०२५ मध्ये टाटाने नवी सिएरा बाजारात आणली. नाव तेच, मागच्या मोठ्या काचेची आठवण करून देणारं डिझाइनही तेच, बाकी सगळं नवं. जुनी सिएरा पहिल्यांदा १९९१ मध्ये आली होती. म्हणजे आज ही नवी गाडी बुक करणाऱ्यांपैकी अनेकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. तरी नाव चाललं, कारण जुन्या गाड्यांचं वेड सध्या जोरात आहे. रिस्टोअर केलेली कॉन्टेसा, चकचकीत प्रीमियर पद्मिनी, पहिल्या पिढीची मारुती ८००, यामाहा आरएक्स १०० यांच्या रील्स तुमच्याही फीडमध्ये येत असतीलच.

आता मुद्द्याचा प्रश्न. नव्या सिएराचं सोडा. तुम्हाला जुनीच, मूळ सिएरा हवी असेल तर? किंवा आजोबांची पद्मिनी गॅरेजमधून बाहेर काढायची असेल तर? अशा गाडीला आपला कायदा 'वारसा' म्हणतो की 'भंगार'?

उत्तर आहे, 'वय किती त्यावर अवलंबून'. आणि खरी गोची या वयातच आहे. आपल्या पिढीला हव्याशा वाटणाऱ्या बहुतेक गाड्या नेमक्या अशा वयात आहेत, जिथे कायदा त्यांना फक्त 'जुनी गाडी' म्हणून ओळखतो.

व्हिंटेज म्हणजे किती जुनी?

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल करून व्हिंटेज गाड्यांसाठी पहिल्यांदाच देशभर लागू होणारी वेगळी नोंदणी आणली. तिचे मुख्य मुद्दे असे:

- पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षं पूर्ण झालेल्या दुचाकी आणि चारचाकी गाड्याच यात येतात.
- गाडी मूळ रूपात हवी. चॅसी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठे बदल केलेले चालत नाहीत.
- नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. नंतरच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये.
- नव्या नोंदणीत नंबर प्लेटवर राज्याच्या कोडनंतर 'व्हीए' ही अक्षरं येतात. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो.
- रोजच्या वापराला किंवा धंद्याला गाडी काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची.

नियम वाईट नाही. त्याआधी प्रत्येक राज्याचा कारभार वेगवेगळा होता, तो यामुळे एका चौकटीत आला. आता त्यातली ५० वर्षांची अट आपल्या आवडत्या गाड्यांना लावून बघू.

- प्रीमियर पद्मिनी: या नावाने १९७४ पासून विकली गेली. म्हणजे अगदी सुरुवातीच्या गाड्या नुकत्याच पन्नाशीत पोचल्यात. आपल्या आठवणीतल्या ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या पद्मिनी अजून नाहीत.
- मारुती ८००: डिसेंबर १९८३ मध्ये पहिली गाडी ग्राहकाच्या हाती गेली. व्हिंटेज होणार २०३३ अखेरीस.
- कॉन्टेसा: १९८४ पासून. व्हिंटेज होणार २०३४ मध्ये, तेही सगळ्यात जुनी असेल तर.
- यामाहा आरएक्स १००: १९८५ पासून. २०३५ उजाडेल.
- टाटा सिएरा: १९९१ पासून. थेट २०४१.

थोडक्यात, राजेरजवाड्यांच्या रोल्स-रॉइस, साठच्या दशकातल्या अँबॅसेडर आणि फियाट आरामात बसतात. मध्यमवर्गाच्या घरात आलेली पहिली गाडी मात्र बाहेरच राहते.

मग १५ ते ५० वर्षांच्या मधल्या गाडीचं काय?

इथे एक गैरसमज आधी दूर करू. महाराष्ट्रात खासगी गाडी १५ किंवा २० वर्षांची झाली म्हणून आपोआप भंगारात जात नाही. आरसीची मुदत १५ वर्षांनी संपते. मग गाडी आरटीओकडे तपासणीला न्यायची, फी आणि पर्यावरण कर भरायचा, की पाच वर्षांसाठी नूतनीकरण मिळतं. केंद्राच्या स्क्रॅपिंग धोरणातही खासगी गाडीसाठी मुख्य कसोटी फिटनेसचीच आहे.

पण हा रस्ता महाग होत चाललाय. एप्रिल २०२२ मध्ये १५ वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून थेट ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या कारसाठी ती १०,००० रुपये आणि मोटरसायकलसाठी २,००० रुपये झाली. परदेशातून आणलेल्या २० वर्षांवरच्या कारला तर ८०,००० रुपये मोजावे लागतात.

आता गंमत बघा. ५२ वर्षांच्या व्हिंटेज गाडीचं नूतनीकरण ५,००० रुपयांत. ३५ वर्षांच्या कॉन्टेसाचं दर पाच वर्षांनी, १०,००० रुपयांत. म्हणजे एका नूतनीकरणाला दुप्पट फी. अर्थात कॉन्टेसा रोज चालवायची मुभा आहे, व्हिंटेजला नाही, हा फरक लक्षात घ्यायला हवा. पण ज्याला गाडी रविवारी सकाळी फक्त एक फेरी मारायलाच काढायची आहे, त्याला कमी वापराच्या बदल्यात कमी फी असा पर्यायच उपलब्ध नाही.

दिल्लीत तर प्रश्न जगण्या-मरण्याचा

दिल्ली आणि एनसीआरमध्ये नियम वेगळे आहेत. तिथे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना बंदी आहे. राष्ट्रीय हरित लवादाने घातलेली ही बंदी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायम ठेवली.

१ जुलै २०२५ पासून या बंदीला टेक्नॉलॉजीची जोड मिळाली. पेट्रोल पंपांवर नंबर प्लेट वाचणारे कॅमेरे बसले. कॅमेरा नंबर वाचतो, 'वाहन' डेटाबेसमध्ये गाडीचं वय बघतो आणि मुदत संपलेली असेल तर पंपवाल्याला इशारा देतो: इंधन देऊ नका. लोक इतके भडकले की काही दिवसांतच हा नियम लांबणीवर टाकावा लागला. १२ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टाने फक्त वयावरून मालकांवर कारवाई करू नका, असा अंतरिम आदेश दिला. पण डिसेंबरमध्ये हा दिलासा बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरताच उरला.

बीएस-४ मानक दिल्लीत आलं २०१० मध्ये. म्हणजे कॉन्टेसा, पद्मिनी, जुनी सिएरा, मूळ जिप्सी, सगळ्या या दिलाशाच्या बाहेर. या प्रकरणातून एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. कॅमेऱ्याला फक्त तारीख कळते. गाडी कशी ठेवली आहे आणि वर्षाला किती किलोमीटर फिरते, हे त्याला दिसत नाही.

'हे दिल्लीचं आहे, आपल्याला काय' असं म्हणू नका. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या निर्देशांनंतर राज्य सरकारने सात जणांची समिती नेमली. मुंबई महानगर प्रदेशात पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करून फक्त सीएनजी आणि इलेक्ट्रिक गाड्या ठेवता येतील का, याचा अभ्यास तिच्याकडे आहे. शिवाय मुंबईने वयाच्या नियमाचा परिणाम एकदा पाहिलाय. काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेरीस शहरातून गेली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती आणि टॅक्सीची मर्यादा होती २० वर्षं. टॅक्सीचं वय मर्यादित असणं योग्यच, कारण ती दिवसभर धावते. पण शहराची ओळख असलेली गाडी जपायची कुठे, याचं उत्तर नियमात नव्हतं.

प्रदूषणाचा मुद्दा खोटा आहे का?

अजिबात नाही. जुन्या गाडीच्या प्रेमात हे विसरून चालणार नाही. भारतात युरोपच्या धर्तीवरची उत्सर्जन मानकं २००० पासून लागू झाली. त्याआधीच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत कार्ब्युरेटर होता. त्यात हवा आणि पेट्रोलचं प्रमाण यांत्रिक पद्धतीने ठरतं, सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बहुतेकांत नव्हताच. त्यामुळे एका किलोमीटरमागे अशी गाडी आजच्या बीएस-६ गाडीच्या कितीतरी पट जास्त विषारी धूर सोडते.

पण एकूण प्रदूषण म्हणजे दर किलोमीटरचा धूर गुणिले किलोमीटर. महिन्यातून दोनदा निघणारी पद्मिनी आणि रोज ८० किलोमीटर धावणारी जुनी डिझेल गाडी यांना एकाच मापाने मोजण्यात अर्थ नाही. नियम करताना गाडीचं वय बघायला सोपं असतं, वापर मोजायला अवघड. म्हणून वय धरलं जातं.

बाहेर काय करतात?

जर्मनीत ३० वर्षं झालेली, मूळ रूपात नीट जपलेली गाडी तज्ज्ञांच्या तपासणीत पास झाली की तिला 'एच' अक्षराची प्लेट मिळते आणि वर्षाला ठरावीक कर लागतो. ब्रिटनमध्ये ही मर्यादा ४० वर्षं आहे. ऐतिहासिक म्हणून नोंदलेल्या गाडीला तिथे रोड टॅक्स माफ असतो आणि लंडनच्या प्रदूषण शुल्कातूनही सूट मिळते. अमेरिकेत २५ वर्षं जुनी गाडी सुरक्षेच्या तिथल्या मानकांत बसत नसली तरी आयात करता येते. त्यामुळेच १९९९ ची निस्सान स्कायलाइन आर३४ तिथे २०२४ पासून कायदेशीर झाली. जुन्या गाड्यांची आंतरराष्ट्रीय संघटना 'फिवा'सुद्धा ३० वर्षांनाच ऐतिहासिक मानते.

आपल्याकडे ५०. आणि आपल्याकडचं हवामान, मीठ लागलेली किनारपट्टीची हवा, न मिळणारे पार्ट्स हे सगळं धरलं तर गाडीला पन्नाशी गाठणंच मुळात कठीण.

ई२० पेट्रोल: नवी डोकेदुखी

कागदपत्रांचं जमलं तरी टाकीत काय भरायचं हा प्रश्न आहेच. आता पंपांवर सर्रास २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या गाडीला त्याचा त्रास तीन प्रकारे होतो:

- इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं. गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर टाकीत पाणी खाली साठू शकतं आणि पत्रा गंजतो.
- जुने रबरी पाइप, वॉशर आणि गॅस्केट इथेनॉलसाठी बनलेले नव्हते. ते फुगतात, तडकतात, गळती होते. गरम इंजिनवर पेट्रोलची गळती म्हणजे आगीला आमंत्रण.
- इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. नव्या गाडीत सेन्सर हे ओळखून पेट्रोलचं प्रमाण बदलतो. कार्ब्युरेटरला हे कळत नाही, त्यामुळे इंधन कमी पडतं आणि इंजिन अडखळतं.

काही जुन्या गाड्यांत २०,००० ते ३०,००० किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, असं पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मधल्या खुलाशात म्हटलंय. पण क्लासिक गाडीचा प्रॉब्लेम किलोमीटरचा कमी आणि उभं राहण्याचा जास्त असतो.

इलेक्ट्रिक किट लावून सुटका होईल?

अर्धी. प्रमाणित किट बसवून आरटीओकडे आरसीत नोंद करून घेतली तर जुनी गाडी कायदेशीररीत्या इलेक्ट्रिक करता येते. किटला एआरएआयसारख्या संस्थेची मान्यता हवी, गल्लीतल्या जुगाडाला नाही. पण इंजिन काढलं की 'मूळ रूप' गेलं, आणि पुढे पन्नाशीला व्हिंटेज नोंदणीचा हक्कही गेला. म्हणजे आज वाचवायची की उद्याचा मान राखायचा, यातलं एक निवडावं लागतं.

घ्यायचीच असेल तर फोनवर आधी हे तपासा

- एमपरिवहन ॲपमध्ये नंबर टाका. रजिस्ट्रेशनची तारीख, आरसी आणि विम्याची मुदत बघा. गाडीचं कायदेशीर वय पहिल्या रजिस्ट्रेशनपासून मोजतात, जाहिरातीतल्या 'मॉडेल' वर्षापासून नाही.
- १९८९ आधीच्या तीन अक्षरी नंबरांची माहिती अनेकदा ऑनलाइन दिसतच नाही. अशा वेळी 'बॅकलॉग एंट्री' करून देण्याची अट विकणाऱ्याला घाला. ती झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.
- इंजिन आणि चॅसी नंबरचा फोटो स्वतः काढा आणि आरसीशी जुळवा.
- दिल्लीची गाडी स्वस्तात मिळतेय? आधी एनओसी बघा. एनओसी नसेल तर ती महाराष्ट्रात तुमच्या नावावर होणार नाही.
- थकलेली फी, दंड आणि कर याचा हिशेब किमतीत धरा.

पुढे काय व्हायला हवं?

व्हिंटेजची मर्यादा एकदम खाली आणा, असं कुणी म्हणणार नाही. पण ३० ते ५० वर्षांच्या गाड्यांसाठी एक मधला वर्ग नक्की करता येईल. गाडी मूळ रूपात असावी, तपासणीत पास व्हावी आणि वर्षाला ठरावीक किलोमीटरच्या पुढे जाऊ नये. जी यंत्रणा पंपावर नंबर वाचून गाडी अडवू शकते, तीच यंत्रणा ॲपवर ओडोमीटरचा फोटो घेऊन वापरही नोंदवू शकते. टेक्नॉलॉजी आहे, इच्छाशक्ती हवी.

तसं झालं नाही तर २०३४ मध्ये कॉन्टेसाला व्हिंटेजचा मान मिळेल खरा, पण तो घ्यायला किती कॉन्टेसा उरलेल्या असतील? तुमच्या घरी अशी एखादी गाडी उभी असेल, तर आज संध्याकाळी तिच्या आरसीची तारीख तरी बघून ठेवा. मुदत उलटून गेली की दर महिन्याला दंड वाढत जातो, आणि बऱ्याच चांगल्या गाड्या गंजाआधी या दंडापायीच भंगारवाल्याकडे जातात.